घासून काढलेलं नाव

दगडावर नावं कोरणं हा माझा धंदा. नाशकात गोदावरीच्या अलीकडे एका बोळात माझं दुकान होतं. दुकान कसलं, पुढे पत्र्याची शेड आणि मागे दगड घासायला अंगण. डॉक्टरांच्या पाट्या, बंगल्यांची नावं, देवळातल्या देणगीदारांच्या फरश्या, कोनशिला, समाध्या, सगळं केलं. आता हात थरथरतो म्हणून बंद केलं. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असं संपादकांनी म्हटलं तेव्हा मी आधी नको म्हणालो. जन्मभर एकेका अक्षरासाठी घाम गाळलेला माणूस फार बोलत नाही, असं माझं स्वतःबद्दल मत आहे. बायकोचं मत वेगळं आहे. ती म्हणते, तुम्ही दगड सोडून सगळ्यांशी बोलता.

तर बोलतोच. एका नावाबद्दल लिहायचं राहून गेलं होतं. त्यातली दोन मोठी माणसं आता हयात नाहीत, त्यामुळे कोणाला दुखावण्याचा प्रश्न नाही. गावाचं नाव मुद्दाम देत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत.

आधी धंद्यातलं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दगडावर चूक झाली की ती एका ठिकाणी दुरुस्त करता येत नाही. एखादं अक्षर चुकलं म्हणून तेवढाच भाग घासला तर तिथे खळगा पडतो आणि ऊन तिरपं आलं की तो लांबूनही दिसतो. म्हणून अख्खा दगड वरून सूतभर घासून काढायचा, पुन्हा गुळगुळीत करायचा आणि पहिल्या ओळीपासून सगळं कोरायचं. मंत्रिमंडळ बदललं म्हणून मी एकच कोनशिला दोनदा केलेली आहे. त्र्यंबकेश्वरच्या एका धर्मशाळेची फरशी दोन भावांपायी तीनदा घासली, कारण थोरल्याच्या नावाची उंची धाकट्यानं दोऱ्यानं मोजून पाहिली होती.

असं होऊ नये म्हणून माझ्या वडिलांनी एक नियम घालून दिला होता. कोरण्याआधी दगडावर अक्षरं नुसती काढायची आणि ज्याचं नाव असेल त्याच्या घरच्या माणसाला बोलावून, त्यावर बोट ठेवून वाचायला लावायचं. वाचता येत नसेल तर आपण वाचायचं आणि त्यानं मान हलवायची. लोक हसायचे. अहो, आमच्या बापाचं नाव आम्हाला ठाऊक नाही का, म्हणायचे. पण मी वाचून घेतल्याशिवाय छिन्नी लावत नसे. आयुष्यात एकदाच हा नियम मोडला.

कारगिल झालं आणि गावोगाव स्मारकांची लाट आली. त्याआधी वर्षाला एखादं काम यायचं, तेही शाळेच्या आवारात. आता येवला, निफाड, सिन्नर, चांदवड, सगळीकडून लोक येऊ लागले. बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर, ज्या नावांची तीस-तीस वर्षं कोणी आठवण काढली नव्हती ती कागदावर लिहून आणायचे आणि पंधरा ऑगस्टच्या आत द्या म्हणायचे.

दोन वर्षांनी, म्हणजे लाट ओसरायच्या बेतात असताना, सुभेदार सांगळे आले. इस्त्रीचा शर्ट, पांढऱ्या मिशा, उजव्या कानानं ऐकू येत नाही म्हणून डावी बाजू पुढे करून उभे राहायचे. चोवीस वर्षं पलटणीत काढून आता इथेच नाशकाच्या अंबडला एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षा सुपरवायझर होते. त्यांच्या ओळखीतले बहुतेक माजी सैनिक असेच कुठल्या ना कुठल्या दारात उभे होते. एक बँकेच्या, एक शाळेच्या, एक लग्नाच्या हॉलच्या. सुभेदार म्हणायचे, "देश राखला म्हणून आता गेट राखायला लायक ठरलो." हे ते हसून म्हणायचे. मला काही हसू येत नसे.

ते सिन्नरकडचे, पण स्मारक येवल्याच्या अलीकडच्या एका गावाचं होतं. मी विचारलं, तुमचं काय तिथे? म्हणाले, "माझा एक माणूस त्या गावचा हाय. गावाचं म्होरकं कोणी होईना, म्हणून मी अध्यक्ष झालो." सहा नावांची यादी त्यांनी आणली होती, टाइप केलेली, सही-शिक्क्याची. नंबर, हुद्दा, नाव. अक्षरांची उंची त्यांनी खिशातल्या टेपनं मोजून सांगितली आणि ओळी परेडसारख्या सरळ पाहिजेत म्हणाले. मी सहा नावांखाली रिकामी जागा ठेवली, तशी पद्धत आहे. बरोबर आलेला सरपंच कुरकुरला, खाली मोकळं बरं दिसत नाही. सुभेदार म्हणाले, "राहू द्या. गावातली चार पोरं आत्ता भरतीला गेलीत."

पंधरा ऑगस्टला अकरा दिवस होते. सहा घरच्या माणसांना नाशकात आणून वाचून घ्यायला वेळ नव्हता. यादीवर शिक्का होता. मी मनात म्हटलं, सरकारी कागद आहे, याहून पक्कं काय असणार. आणि कोरायला घेतलं.

समारंभाला मी सहसा जात नसे, पण सुभेदारांनी आग्रह केला म्हणून गेलो. शाळेपुढे मांडव होता. सुभेदार छातीवर पदकं लावून माइकपाशी उभे राहिले आणि एकेक नाव वाचू लागले. नाव वाचलं की त्या घरचं माणूस उठायचं, तहसीलच्या साहेबांच्या हातून शाल-नारळ घ्यायचं. चौथं नाव वाचलं, "शिपाई दगू सखाराम शेळके. वीरमाता भागाबाई." पहिल्या रांगेत सत्तरीची एक बाई बसली होती, ती उठली नाही. ऐकू आलं नसेल म्हणून सुभेदारांनी पुन्हा वाचलं. ती बसूनच. मग तिच्या शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा ती चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "माझा दगू हा काय उभा हाय. त्याच्या मरणाची शाल मी नाय घेनार."

मांडवाच्या खांबाला टेकून पन्नाशीचा एक माणूस उभा होता. हातात नारळांची पाटी. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यानं पाटी खाली ठेवली आणि मान खाली घातली. गावातल्या जुन्या माणसांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. आम्हा बाहेरच्यांनाच काही कळेना. साहेबांनी शाल पुढच्या नावाला दिली आणि कार्यक्रम उरकला. सुभेदारांचा चेहरा मात्र उतरला होता. ते त्या माणसाकडे बघत राहिले आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता जीपमध्ये जाऊन बसले.

मी गेलो त्याच्याकडे. दगडावर मी ज्याला मारून ठेवला होता तो माणूस माझ्यासमोर उभा होता, त्याला विचारल्याशिवाय मला राहवेना. त्यानं शाळेच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं, जसं शेतीतलं काही सांगावं तसं.

"विठ्ठल माझा धाकला भाऊ. त्याला पलटणीची लय हौस. साळा तिसरीतच सोडलेली. भरतीला सातवीचा दाखला लागायचा, तो माझ्याकडं व्हता. माझं लगीन झालेलं. म्हनला, दादा, तुझा दाखला दे, तुला त्याचा काय उपेग. दिला. मंग तो तिकडं दगू झाला. दोन वर्साची नोकरी झाली आन् एकाहत्तरची लढाई आली. तार आली तवा पोस्टमननं वाचली, म्हनला, दगू गेला. मी म्हनलं, दगू मीच हाय. तो पुन्ना पहिल्यापासून वाचाय लागला."

"मग?"

"मंग काय. कागदावर मी मेलो. उताऱ्यावर, मतदार यादीत मी विठ्ठल झालो. माझं नाव त्यानं नेलं, त्याचं मी वापरतो. गावात दगूच म्हनत्यात. मला त्याचं काय नाय. पन म्हातारी, पोटासाठी पेन्शन घेती तेवढीच, त्या नावाला उठत नाय. तहसीलातून दर सव्वीस जानेवारीला बोलावनं यायचं, कधी गेली नाय. लोकं म्हनायची, सरकारवर रागावलीय. ती म्हनती, दगू गेला म्हनून शाल घेतली तर जित्या पोराला मीच मारल्यासारखं हुईल. आज तिला वाटलं व्हतं, गावाचाच दगड हाय, गावानं विठ्ठल लिवलं असंल."

मग तो उठून नारळाची पाटी घेऊन गेला. जाता जाता म्हणाला, "बदलता यीन का वो?"

मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली. दगूला किंवा त्याच्या आईला दगडापाशी आणून वाचून घेतलं असतं तर हे तिथेच कळलं असतं. शिक्का पाहून वडिलांचा नियम मोडला आणि एका बाईला भर मांडवात आपल्या मुलाचं मरण नाकारायला लावलं.

पण दगड माझा नव्हता. अध्यक्षाच्या लेखी परवानगीशिवाय कोरलेलं मी बदलू शकत नव्हतो. म्हणून पुढच्या आठवड्यात अंबडला गेलो. सुभेदार गेटवरच होते. दुसरा गार्ड जेवायला गेला होता. आतून एक गाडी आली, आतल्या तरुण साहेबानं काच खाली न करता बोटानं खूण केली, आणि सुभेदारांनी जाऊन दांडा वर केला, सलाम ठोकला. मग माझ्याकडे वळले. मी दगूनं सांगितलेलं सगळं सांगितलं आणि म्हटलं, दगड घासून पुन्हा कोरून देतो, मजुरी नको, तुम्ही दोन ओळी लिहून द्या.

"माझ्या सेक्शनमधे विठ्ठल नावाचा माणूस नव्हता," ते म्हणाले. "दहा जण होते. दहाचे दहा पाठ हैत मला. दगू होता. दगूच मेला."

"अहो, दगू जिवंत आहे. तुम्ही पाहिलात ना त्याला."

"आन् असला घोळ वर कळला तर म्हातारीची पेन्शन बंद हुईल, ते ठावं हाय का तुम्हाला? ती कोण देणार? जा मिस्त्री, आपलं काम करा."

पेन्शनचा मुद्दा खरा होता, म्हणून मी निघालो. पण त्यांचा आवाज पेन्शनची काळजी करणाऱ्याचा नव्हता. इतके का चिडले, ते मला कळलं नाही. रागच आला. म्हटलं, याद्या पाळता पाळता हा माणूस स्वतःच यादी झालाय.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सुभेदार आपण होऊन दुकानात आले. सुट्टी होती. चहा मागवला तो त्यांनी हातात धरून ठेवला आणि तसाच गार होऊ दिला. मग बोलले.

"तवा मी नाईक होतो. सेक्शन माझ्याकडं. तो नवीन आला, हजेरीला नाव पुकारलं की ओ द्यायला उशीर करायचा. दगू शेळके म्हणलं की इकडंतिकडं बघायचा आणि मग दचकून हाजिर म्हणायचा. मला वाटायचं, माज हाय. रायफल डोक्यावर धरून मैदानाला चकरा मारायला लावल्या त्याला. एकदा नाय, किती बार. सहा महिन्यांनी सुधारला. मला वाटलं, माझ्या शिक्षेनं सुधारला."

मी हातातली छिन्नी खाली ठेवली.

"सकाळची वेळ होती. उसाचं शेत होतं, त्याच्यातून पुढं चाललो होतो. समोरनं गोळीबार सुरू झाला. तो माझ्या डाव्या हाताला, वीस पावलांवर. पडला एवढं दिसलं, मग उसात काय दिसंना. मी तीन हाका मारल्या. दगू, दगू, दगू. ओ नाय. थांबलो असतो तर बाकीचे गेले असते. मेला समजून त्यांना घेऊन पुढं गेलो. दुपारी आणायला परत आलो तर पडला होता तिथं तो नव्हता. दहा-बारा पावलं सरकला होता. बांधाला टेकून बसला होता. गार झाला होता."

त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे मी हाका मारल्या तवा तो जिता होता. तीस वर्षं मी मनाला सांगितलं, गोळीबारात त्याला ऐकू गेलं नसंल. तरी म्हातारीला तोंड दाखवायचा धीर झाला नाय, दगड होईपर्यंत कधी त्या गावात गेलो नाय, तो दगड तेवढा करून दिला. आता तुम्ही सांगताय, त्याचं नाव दगू नव्हतंच. मिस्त्री, जखमी माणसाला कोणतं नाव ऐकू येतं? नोकरीतलं, का आईनं ठेवलेलं?"

मी म्हणालो, आवाज फार असेल हो. ते म्हणाले, "हां, आवाज होता." इतकं दुबळं उत्तर मी आयुष्यात कोणाला दिलं नसेल. त्या माणसाबद्दल मी मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं मला आठवलं.

मग त्यांनी खिशातली डायरी काढली, पान फाडलं, दोन ओळी लिहून खाली सही केली. "घासा," म्हणाले. "नंबर आहे तसा ठेवा, तो त्याचा स्वतःचा हाय, तो त्यानं कोणाकडनं घेतला नव्हता. नाव विठ्ठल करा. दगडाला कोणी कागद विचारत नाय. आणि म्हातारीला मी जाऊन सांगणार. हाका मारल्या ते पण. तुम्ही बरोबर या."

दगड चौथऱ्यावरून काढून टेम्पोनं दुकानात आणला. दगू बरोबर आला होता. अंगणात आडवा टाकून घासायला घेतला. सुभेदार आठवड्याच्या सुट्टीला येऊन दगडावर पाणी सोडत बसायचे. घासताना आधी अक्षरातला रंग जातो, मग बारीक रेषा, आणि खोल गेलेल्या छिन्नीच्या खुणा सगळ्यात शेवटी. आपलं नाव पुसट होताना दगू उकिडवा बसून बघत होता. पूर्ण गेलं तेव्हा त्यानं त्या जागेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बरं झालं."

या वेळी सहाही घरची माणसं आली. सगळ्यांनी बोट ठेवून वाचलं. विठ्ठलचं नाव दगूनं वाचलं. त्याच्या आईला एवढा प्रवास झेपला नसता. सहा नावं मी सावकाश कोरली. फुशारकी मारत नाही, पण त्या दगडाइतकं चांगलं काम माझ्या हातून दुसरं झालं नाही.

सव्वीस जानेवारीला सकाळीच सुभेदार आणि मी त्या गावात गेलो. दगू मांडवाच्या कामात होता. भागाबाई ओट्यावर कांद्याची पात निवडत बसल्या होत्या. सुभेदारांनी टोपी काढून हातात घेतली. बाईंनी बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. हजेरीचं, चकरांचं, उसाच्या शेताचं, तीन हाकांचं, बांधाला टेकून बसल्याचं. काही गाळलं नाही. बाई आधी पात निवडत होत्या, मग हात थांबले. सुभेदार शेवटी म्हणाले, "आई, मी चुकीच्या नावानं हाक मारली. खऱ्या नावानं मारली असती तर त्यानं ओ दिली असती. मी थांबलो असतो. नेला असता त्याला."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पात बाजूला सारली. मग सहज म्हणाल्या, "कोन, विठ्ठल? तो हाकेचा मानूसच नव्हता, बाबा. विठ्ठल विठ्ठल करून माझा घसा बसायचा, तवा कुठं एक ओ. तुमी खऱ्या नावानं बोलावलं असतं तरी त्यानं ओ दिली नसती. उगं मनाला लावून घिऊ नका. बसा, च्या घ्या."

सुभेदार बसले. चहा घेतला. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि नंतर बराच वेळ तो रुमाल घडी करत राहिले.

समारंभात त्यांनी वाचलं, "शिपाई विठ्ठल सखाराम शेळके." बाई दगूचा हात धरून उठल्या, शाल घेतली, आणि दगडापाशी जाऊन, नाव कुठंय, असं त्याला विचारलं. त्यानं त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. वरच्या कोणी साहेबानं काही विचारलं नाही. जेवायला जिलेबी होती, ती सुभेदारांनी दोनदा मागून घेतली. इतक्या दिवसांत मी त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं. नंतर ते दरवर्षी त्या गावात जात राहिले, भागाबाई गेल्यावरही, शेवटपर्यंत.

त्या दिवशी मला परतीच्या एसटीपर्यंत सोडायला दगू आला. बस यायला वेळ होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तुझा भाऊ लहानपणी भारीच वांड होता म्हणे. हाकेला दाद देत नसे."

"कोन म्हनलं?"

"तुझी आईच म्हणाली सकाळी. सुभेदारांना."

रस्त्याच्या पलीकडे शाळेपाशी सुभेदार त्याच्या आईजवळ खुर्ची ओढून बसले होते, डावा कान तिच्याकडे करून. दगूनं तिकडे पाहिलं.

"विठ्ठल एका हाकेला यायचा," तो म्हणाला. "ताटावर बसला असला तरी उठून पळत यायचा."

सुभेदारांना हे मी कधी सांगितलं नाही.